घर बदलले आणि दमा उसळला : आधीच्या भाडेकरूच्या सिगारेटचा माग कसा काढावा

लक्षणे साधारण अशी असतात. नव्या भाड्याच्या घरात येऊन आठ-पंधरा दिवस झालेले असतात, घरात कोणीही सिगारेट ओढत नसते, आणि तरीही दम्याच्या रुग्णाला पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन जाग येते, छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते, आणि एरवी महिन्यातून एखाद्या वेळी लागणारा आराम देणारा पंप (इनहेलर) आठवड्यातून तीन-चार वेळा हातात घ्यावा लागतो. दिवसभर कामावर असताना त्रास नसतो. चार दिवस गावी गेले की तो जवळजवळ विसरायला होतो, आणि परत येऊन कुलूप उघडले की तासाभरात घसा पुन्हा खवखवू लागतो.

घराचीही लक्षणे असतात. दिवसभर बंद ठेवलेल्या खोलीचे दार उघडताच भिजलेल्या राखेसारखा वास येतो. एसी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे तो वास वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडची भिंत तापली की संध्याकाळी तो परत येतो. आणि रिकाम्या कपाटात ठेवलेले धुतलेले कपडे दोन दिवसांनी काढले, तर त्यांनाही तोच दर्प लागलेला असतो.

पुढचे सगळे तपास रुग्ण स्थिर असेल तरच करायचे आहेत. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, तो गुंगीत जात असेल, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर घराचा विचार सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा सरळ जवळचे रुग्णालय गाठावे. घरघर एकाएकी थांबली आणि रुग्ण मात्र अधिकच थकलेला दिसू लागला, तर ती सुधारणा समजू नये. हवेची ये-जाच कमी झाली की शिट्टीही वाजत नाही.

मी डॉक्टर नाही. परदेशात स्थायिक झालेल्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि बावधन या भागांतले सहा फ्लॅट मी गेली अकरा वर्षे सांभाळतो. अकरा महिन्यांचा करार संपला, भाडेकरूने किल्ली दिली, की घर पुढच्या माणसासाठी तयार करणे हे माझे काम. माझ्या पत्नीला लहानपणापासून दमा आहे आणि आम्ही स्वतःही बरीच वर्षे भाड्याच्या घरांत काढली, त्यामुळे हा दोष मी मालकाच्या बाजूने आणि भाडेकरूच्या बाजूने असा दोन्हीकडून दुरुस्त केला आहे. प्रत्येक वेळी पहिली चूक सारखीच होते : लोक वासाच्या मागे लागतात. नाकाला वासाची सवय होते, आणि सुगंधाने तो झाकताही येतो. पण श्वासनलिकांना त्रास देणारा थर जागच्या जागीच राहतो.

हा थर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असतात. धूर खिडकीतून निघून गेला असे आपल्याला दिसते. प्रत्यक्षात त्यातले निकोटिन आणि टार भिंती, छत, पडदे, गाद्या आणि पंख्याची पाती यांवर बसते, तिथे मुरते आणि उष्णतेबरोबर थोडे थोडे परत हवेत येत राहते. याला ‘थर्डहँड स्मोक’ असे नाव आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे सुमारे दोन महिने रिकामी राहून आणि साफसफाई होऊनही त्यांच्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटिन सापडले होते. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांचे अस्तर मुळातच सुजलेले असते आणि भोवतालचे स्नायू थोड्याशा चिथावणीनेही आकसतात. धूर अशी चिथावणी देतो, पण धुळीच्या किड्यांसारखा किंवा परागकणांसारखा तो अ‍ॅलर्जीचा प्रकार नव्हे. म्हणून त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी निर्दोष आली, तरी त्यावरून घर निर्दोष ठरत नाही.

आता तपास. पहिला तपास फुकटचा आहे आणि तो घराचा नाही, पंपाचा आहे. दोन वेळा मी भिंती घासायला बादली भरून तयार होतो आणि दोष रिकाम्या पंपात निघाला. ज्या पंपावर मात्रा मोजणारा आकडा नसतो, त्यातले औषध संपल्यावरही फवारा उडतच राहतो, आणि हलवून पाहिले तर आत काहीतरी असल्यासारखे वाटते. तो उरलेला वायू असतो, औषध नव्हे. म्हणून पंप सुरू केल्याची तारीख त्याच्यावरच पेनने लिहावी. मुदत पाहावी. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरण्यास सांगितला असेल तर तो खरोखर वापरला जातो का, की प्रवासाच्या बॅगेत पडून आहे, तेही पाहावे. आणि रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा पंप ‘आता बरे वाटते’ म्हणून घर बदलण्याच्या धांदलीत बंद तर झाला नाही ना, हे विचारावे. आमच्या घरी एकदा नेमके हेच झाले होते. स्थलांतराच्या खोक्यांत तो पंप पंधरा दिवस होता, आणि आम्ही घरमालकाला दोष देत होतो.

आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल किंवा त्रासामुळे रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. घराची दुरुस्ती त्या भेटीबरोबर चालू राहू शकते, तिच्याऐवजी नाही.

दुसरा तपास म्हणजे नोंदवही. आपण किती वेगाने श्वास फुंकू शकतो ते आकड्यात दाखवणारी, पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. सकाळ-संध्याकाळ, औषध घेण्यापूर्वी, उभे राहून तीनदा जोरात फुंकावे आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहावा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांहून वर असेल तर ठीक, ५० ते ८० टक्क्यांमध्ये सावध, आणि ५० टक्क्यांखाली तातडीची मदत, अशी साधारण विभागणी डॉक्टर सांगतात. दहा दिवस या घरातले आकडे लिहावेत, मग चार-पाच रात्री बहिणीकडे किंवा गावी राहून तिथले लिहावेत, आणि परत येऊन पुन्हा चार दिवस. बाहेर आकडे चढले आणि परतल्यावर घसरले, तर घरात काहीतरी आहे. दोन्हीकडे सारखेच राहिले, तर माझ्या मते पुढचा खर्च करू नये. ऋतू, सर्दी, कामाची जागा किंवा औषध यांच्याकडे पाहावे. ही वही डॉक्टरांना दाखवली की त्यांचाही वेळ वाचतो. घरमालकाशी बोलतानाही ती उपयोगी पडते, कारण ‘वास येतो’ या वाक्यावर वाद होऊ शकतो, तारखांसकट लिहिलेल्या आकड्यांवर सहसा होत नाही.

तिसरा तपास फुकटचाच, पण अवघड : आत्ता, या घडीला, कोणी ओढत आहे का? जुन्या थरापेक्षा जळत्या सिगारेटचा धूर कितीतरी घातक असतो, आणि तो दमा उसळवतो हे निर्विवाद आहे. ‘मी गॅलरीतच ओढतो’ हे उत्तर घरोघरी मिळते. आमच्याकडे एक मामा दर दिवाळीला मुक्कामाला येत आणि सरकता दरवाजा हातभर उघडा ठेवून, एक पाय आत आणि एक बाहेर अशा थाटात सिगारेट ओढत. दरवाजा उघडा असला की वाऱ्याच्या दिशेनुसार धूर आत येतो. शिवाय शेवटच्या झुरक्यानंतर काही मिनिटे श्वासातून कण बाहेर पडत राहतात आणि कपड्यांना चिकटलेले तर घरभर फिरतात. दार पूर्ण बंद, ओढून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे बाहेरच थांबणे, मग हात-तोंड धुणे आणि वरचा शर्ट बदलणे, एवढे केले तर त्रास कमी होतो, थांबत नाही. खरा उपाय अर्थातच सोडण्याचा आहे, पण मामांना ते सांगण्याचा मान आमच्या सासूबाईंचा होता आणि तो त्यांनी पुरेपूर बजावला.

याच टप्प्यावर बाकीचे धूर तपासून घ्यावेत. डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले होते. आधीच्या भाडेकरूच्या सिगारेटीला शिव्या देत उशाशी कॉइल लावून झोपणारे लोक मी पाहिले आहेत. कॉइल, धूप, ऊद आणि कापूर आठवडाभर बंद ठेवून खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी लावावी, आणि आकडे बदलतात का ते पाहावे. सिगारेटचा वास घालवण्यासाठी धूप फिरवणे तर पूर्ण उलटे काम आहे : धुरावर धूर. रूम फ्रेशनर, नॅफ्थलीनच्या गोळ्या आणि कापूर यांचेही तेच. वास झाकला जातो आणि आणखी एक त्रासदायक वस्तू हवेत येते.

यानंतर पांढऱ्या फडक्याची परीक्षा. माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी तपास आहे आणि त्याला जुन्या बनियनचा तुकडा पुरतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत, तुकडा पिळून घ्यावा आणि झोपण्याच्या खोलीत दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर, पडद्याच्या दांडीवर, स्विचबोर्डाभोवती, छताच्या कोपऱ्यात आणि पंख्याच्या पात्यांवर एकेक हात फिरवावा. पंखा बंद करून, त्याचे बटण कोणी दाबणार नाही याची खात्री करूनच स्टुलावर चढावे.

फडक्यावर काय येते ते उजेडात नेऊन नीट पाहावे. नुसती धूळ करडी, सुटी असते आणि धुतल्यावर निघून जाते. फोडणीच्या तेलाचा थर पिवळा आणि चिकट असतो, पण त्याला खवट वास असतो आणि तो ओट्याच्या आसपास दाट, झोपण्याच्या खोलीत विरळ असतो. देवघरावरची काजळी काळी असते. सिगारेटचा थर चहाच्या गाळण्यासारखा तपकिरी-पिवळा दिसतो, बोटाला चिकटतो आणि स्वयंपाकघरापासून दूरच्या खोलीतही तितकाच सापडतो. कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये पंख्याच्या पात्याची वरची बाजू पुसली, तेव्हा धुळीची वळी उठली नाही. ती काकवीत माखल्यासारखी एकसंध सोलून आली, आणि पिळलेल्या फडक्याचे पाणी बेसिनमध्ये पडले ते थेट कटिंग चहाच्या रंगाचे. त्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची ठेवून कोणी बसत असे, हेही छतावर लिहिलेले होते : खुर्चीच्या बरोबर वर पिवळा ढग आणि बाकी छत फिकट. कॅलेंडर किंवा फोटो टांगलेला होता तिथे भिंतीवर पांढरा चौकोन उमटलेला असतो, तोही असाच बोलका पुरावा.

एक फरक इथेच करून घ्यावा. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे-हिरवट ठिपके असतील, वास राखेपेक्षा ओल्या गोणपाटासारखा असेल आणि त्रास पावसाळ्यात सुरू झाला असेल, तर ती बुरशी आहे. तिच्यामुळेही दमा उसळतो, पण तिचा उपाय वेगळा : आधी गळती शोधून बंद करणे. ते वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचे काम आहे आणि गळती बंद होण्यापूर्वी केलेली कोणतीही रंगरंगोटी पुढच्या जुलैत सोलून येते.

फडके तपकिरी निघाले, तर सफाईला लागावे; आणि सफाई रुग्णाने करू नये, त्या दिवशी घरातही थांबू नये. सगळ्यात आधी मऊ वस्तू, कारण त्या सर्वांत अधिक धूर पितात आणि घराबाहेर काढणे सर्वांत सोपे असते. पडदे, गाद्यांची अभ्रे आणि पायपुसणी गरम पाण्यात दोनदा धुवावीत. मालकाने ‘फर्निश्ड’ म्हणून दिलेली कापसाची गादी आणि स्पंजचा सोफा यांच्यावर मी आता वेळ घालवत नाही. उन्हात तापवल्याने वास काही दिवस हलका होतो आणि पहिल्या दमट रात्री परत येतो. कापूस पुन्हा पिंजून घ्यावा म्हटले, तर त्या धुळीने दम्याच्या माणसाची वेगळी पंचाईत होते. त्या परत कराव्यात.

कठीण पृष्ठभागांसाठी साबणाचे कोमट पाणी पुरते. दुसऱ्यांदा पुसताना पाण्यात पांढरे व्हिनेगर मिसळावे. निकोटिन अल्कधर्मी आहे, त्यामुळे आम्लात ते विरघळते आणि पाण्याबरोबर निघते. पाणी दर खोलीला बदलावे, नाही तर तोच थर आपण पुढच्या भिंतीला लावतो. एक गोष्ट कटाक्षाने टाळावी : बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दमा नसलेल्या माणसालाही रुग्णालयात जावे लागते.

एसीचा तपास थोड्या पैशांचा आहे. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवतो. आधीच्या भाडेकरूने दार लावून, एसी लावून सिगारेटी ओढल्या असतील, तर तो सगळा धूर आतल्या कॉइलवरून आणि ब्लोअरवरून हजारदा गेलेला असतो. समोरची जाळी काढून साबणाने धुणे हे आपले काम. ही जाळी धूळ अडवते, धूर नाही. त्यामागची कॉइल पाण्याच्या जेटने धुणे हे मेकॅनिकचे काम. ‘सर्व्हिस केली’ म्हणून काही जण नुसती जाळी झटकून जातात, म्हणून काम चालू असताना खाली धरलेल्या पिशवीत कोणत्या रंगाचे पाणी येते ते स्वतः पाहावे. त्यानंतरही सुरुवातीच्या पाच मिनिटांचा वास गेला नाही, तर ब्लोअरचे चाक आणि पाण्याचा ट्रे सोडवून धुवावे लागतात. ते घरी करू नये. आत विजेच्या तारा आणि सर्किट आहे.

घर स्वच्छ आहे, फडके पांढरे निघते आणि तरीही रात्री ठरावीक वेळी वास येतो, असे झाले तर डक्टकडे पाहावे. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत संडास-बाथरूमच्या मागे पाइपांसाठी उभा डक्ट असतो आणि प्रत्येक मजल्याच्या काचेच्या झडपा त्यात उघडतात. उबदार हवा वर चढते, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची सिगारेट तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत आरामात पोहोचते. त्यात आपण भर घालतो ती अशी : खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन लावतो. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, आणि मग ती बाथरूमच्या झडपांतून, डक्टमधून, खालच्यांच्या धुरासकट येते.

तपासणी सोपी आहे. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी बाथरूमच्या झडपेसमोर धरावी. (उदबत्ती नको, कारण वर आलेच आहे.) चिमणी बंद असताना आणि चालू असताना पट्टी कोणत्या दिशेला झुकते ते पाहावे. ती आपल्याकडे झुकली, तर हवा आत येत आहे. उपाय स्वस्त आहेत : चिमणी लावताना हॉलची खिडकी दोन बोटे उघडी ठेवणे, बाथरूमचे दार लावून त्याच्या खालच्या फटीला रबरी पट्टी बसवणे, आणि बाथरूमला पंखा बंद होताच आपोआप मिटणारी झडप असलेला एक्झॉस्ट फॅन लावणे. पाइपांभोवतीची भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवता येतात. मात्र बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर एकही झडप बंद करू नये. तिथे हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग-वास काही नसतो आणि त्याने माणसे दगावतात. गॅस गीझरवाल्या घरात हा टप्पा स्वतः न करता जाणकार प्लंबरला बोलवावे.

वारज्याच्या एका घरात पट्टी स्पष्ट आत झुकत होती आणि वास रात्री सव्वाअकराला येत असे. खालच्या मजल्यावर गेलो.

“काका, तक्रार घेऊन आलो नाही, एक विनंती आहे. रात्री अकराच्या सुमारास बाथरूममध्ये सिगारेट ओढता का आपण?”

काकांनी दार अर्धे लोटून घेतले आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला कसं कळलं? आमच्या घरात अजून कोणाला माहीत नाही.”

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून कडक बंदी आहे, पण कोणाच्या बाथरूमपर्यंत ती पोहोचत नाही. तिथे विनंतीच चालते. वरच्या मजल्यावर दम्याचे पेशंट आहेत एवढे सांगितल्यावर काका रात्री फिरायला जाऊ लागले. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज देण्यापूर्वी दार वाजवून बोलावे, असे माझे मत या प्रसंगाने अधिकच पक्के झाले. काकांचे गुपित मी इथेही राखले आहे. वारज्यात इमारती पुष्कळ आहेत.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून त्याची जागा सांगून ठेवतो : ती इथे आहे, सफाईनंतर. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, त्यामुळे डक्टमधून किंवा शेजारून येणाऱ्या ताज्या धुराविरुद्ध झोपण्याच्या खोलीत त्याचा उपयोग होतो. वायूंसाठी सोबत सक्रिय कोळशाचा जाड थर हवा. भिंतीवर बसलेला थर मात्र कोणतेही यंत्र काढत नाही. आणि ओझोन सोडून ‘वास मारणारे’ यंत्र दम्याच्या घरात आणूच नये. ओझोन स्वतःच श्वासनलिकांना भाजतो.

भिंती हा शेवटचा आणि खर्चाचा टप्पा. आधी कपाटामागे हातभर जागा धुऊन पाहावी. स्वस्त डिस्टेंपर असेल तर रंगच फडक्यावर येतो, तिथे धुणे थांबवून रंगाऱ्याला बोलवावे. प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट असेल तर धुता येते. खालून वर धुवावे, कारण वरचे घाण पाणी कोरड्या भिंतीवर ओघळले की त्याच्या रेषा कायमच्या उमटतात. स्विचबोर्डाजवळ मेन स्विच बंद करूनच हात लावावा.

रंगाऱ्याशी बोलताना सावध राहावे. “साहेब, दोन हात मारले की काही कळणार नाही,” असे तो म्हणतो, आणि महिनाभर खरेच काही कळत नाही. पाण्याचा रंग जुन्या थरावर लावला की निकोटिन आणि टार त्यात विरघळून वर येतात. पांढऱ्या भिंतीवर पिवळे डाग फुटतात आणि वासही. क्रम असा हवा : आधी धुणे, पूर्ण वाळवणे, पॉलिश पेपरने घासणे, मग थर आत कोंडून ठेवणारा थिनरमधला प्रायमर, मग गरजेपुरती लांबी (पुट्टी) आणि शेवटी रंग. छत वगळू नये. धूर वर जातो, आणि लोक पैसे वाचवायला नेमके छतच सोडतात. थिनर आणि ताजा रंग यांची वाफ दम्याला स्वतंत्रपणे त्रास देते, म्हणून रुग्णाला काम सुरू होण्यापूर्वी हलवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत परत आणू नये. मी खिडक्या उघड्या ठेवून किमान आठवडा थांबतो. थंडीत पहाटे रस्त्यालगतची धुरकट हवा जमिनीलगत साचून राहते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत खिडक्या दुपारी उघडाव्यात.

एवढे करूनही नोंदवहीतले आकडे चढत नसतील, तर माझ्या दृष्टीने दुरुस्ती संपली. धनकवडीत आम्ही स्वतः राहत होतो तिथे हेच घडले. आमच्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारी चार मुले रात्रभर ओढत आणि दोन्ही गॅलऱ्यांमध्ये फक्त एक कठडा होता. पत्नीचा सकाळचा आकडा दोन महिने २९० च्या पुढे गेला नाही. डॉक्टरांनी वही पाहून औषध वाढवले आणि घर बदलता आले तर बदला असे स्पष्ट सांगितले. एक महिन्याची नोटीस देऊन आम्ही निघालो. नव्या घरात येण्यापूर्वी मी फडके फिरवले, आणि तिसऱ्या आठवड्यात आकडा ३६० झाला.

आता मी सांभाळतो त्या सहाही फ्लॅटच्या करारात घरात आणि गॅलरीत धूम्रपान न करण्याचे कलम आहे, आणि ते मोडल्यास सफाई व रंगाचा खर्च डिपॉझिटमधून वळता होतो. गेल्या जूनमध्ये घर पाहायला आलेल्या एका तरुणाने ते कलम वाचून विचारले, “गॅलरीत तरी चालेल ना, काका?” मी ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कर्वेनगरचा बनियनचा तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो पिशवीतूनच उलटापालटा करून पाहिला, “हे एका माणसाचं?” असे विचारले, आणि चहा अर्धा ठेवून पुढचा फ्लॅट पाहायला गेला.